रोलप्लेइंगमधला सीन कुठे उघडायचा आणि कुठे तोडायचा

चार तास खेळ झाला, सगळे दमले, आणि गोष्ट मात्र बाजारातून धर्मशाळेपर्यंतच सरकली, अशी तक्रार घेऊन नवे जीएम (गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) माझ्याकडे येतात. मी त्यांना आधी एकच विचारते: त्या चार तासांत सीन किती झाले? बहुतेकांना मोजता येत नाहीत. बाजारात शिरताना सुरू झालेलं बोलणं धर्मशाळेत झोपेपर्यंत तसंच चालू राहिलेलं असतं. दोरखंडाची घासाघीस, खोलीचं भाडं, कोण कुठल्या खाटेवर झोपणार, सगळं एका दमात. खेळाडू चांगले असतात, जीएमची तयारीही असते. मधे कुणीतरी "इथे थांबूया" म्हणायला हवं होतं, ते कुणी म्हटलेलं नसतं. ते कधी आणि कसं म्हणायचं, हे मी इथे सांगणार आहे.

हा खेळ कधीच खेळला नसाल तर थोडक्यात: टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकाकडे एक पात्र असतं, एक जण जीएम होऊन बाकीचं जग चालवतो. बोलून गोष्ट पुढे जाते आणि जिथे काय होईल ते सांगता येत नाही तिथे फासे टाकतात.

उदाहरणं सगळी एकाच खेळातून देते, म्हणजे धागा राहील. मी हल्ली चालवते तो खेळ 1721 सालच्या अलिबागेत घडतो. सरखेल कान्होजी आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय या किनाऱ्यावरून व्यापारी जहाज नेलं, तर ते धरलं जायचं. त्या वर्षाच्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि त्यांना हात हलवत परतावं लागलं. आमची गोष्ट त्याच्या जरा आधी सुरू होते: कुणीतरी खोटी दस्तकं विकतंय. खेळाडूंची पात्रं चार. दस्तकं लिहिणारा कारकून, आरमारातल्या गलबताचा तांडेल, किल्ल्यावर औषधपाणी बघणारी वैदू बाई आणि शिबंदीतला नाईक. नियम फेट कोअर या नियमावलीचे.

आधी प्रश्न

सीन म्हणजे एक उघडा प्रश्न, ज्यांना तो अंगाशी आलाय अशी माणसं, आणि उत्तर मिळेपर्यंतचा वेळ. माझी व्याख्या एवढीच. जागा बदलली म्हणून सीन बदलत नाही, आणि एकाच खोलीत, त्याच माणसांत तीन सीन होऊ शकतात. मायक्रोस्कोप नावाच्या 2011 सालच्या खेळात हा थेट नियमच आहे. सीन सुरू करण्याआधी प्रश्न मोठ्याने सांगायचा, आणि उत्तर मिळालं की सीन संपला. फेट कोअरमध्ये जीएमने स्वतःला दोन गोष्टी विचारायच्या असतात: या सीनचं काम काय, आणि आता लगेच काय घडायच्या बेतात आहे. दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटते, कारण ती तुम्हाला घटनेच्या तोंडाशी नेऊन उभं करते.

मी प्रश्न पाठकोऱ्या कागदावर लिहून समोर ठेवते. "तांडेल कारकुनाचं नाव सरखेलांपुढे घेईल का?" हा चांगला प्रश्न आहे, कारण हो म्हटलं तरी गोष्ट पळते आणि नाही म्हटलं तरी पळते. "नाईकाला चोरवाट सापडेल का?" हा वाईट. फासे उलटे पडले की नाईक भिंतीकडे बघत उभा राहतो आणि टेबलावरचे सगळे जीएमकडे बघतात. असा प्रश्न हाती आला की मी एक पाऊल पुढे जाते. चोरवाट सापडली असंच धरू. मग भरतीचं पाणी आत शिरायच्या आधी नाईक बाहेर पडेल का? आता दोन्ही उत्तरांत काहीतरी घडतं.

तपासाच्या गोष्टींत हे फार जपावं लागतं. गमशू या नियमावलीने त्यावर नेमका उपाय केला आहे. गोष्ट पुढे न्यायला जो दुवा लागतो तो फाशांवर सोडायचाच नाही. योग्य कौशल्याचं पात्र योग्य जागी बघत असेल, तर दुवा मिळतो. सीनचा प्रश्न मग "मिळेल का" असा उरत नाही, "मिळालेल्याचं काय करणार" असा होतो. तुम्ही कुठलेही नियम वापरत असाल तरी एवढं तिथून उचला.

इथे एक अपवाद सांगायला हवा. 1974 साली डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं तेव्हा भुयारातला वेळ सीनने मोजत नव्हते, दहा-दहा मिनिटांच्या टर्नने मोजत होते. मशाल जळतेय, प्रत्येक वळणाला वेळ जातोय, आणि तो वेळच तुमचा शत्रू, असा तो खेळ. "ही शक्ती एका सीनपुरती टिकते" असं सीनलाच मोजमाप मानणारे खेळ नंतर आले. 1991 चा व्हॅम्पायर हे त्यातलं ठळक नाव. तेव्हा तुमचा गट जुन्या पद्धतीने भुयार धुंडाळत असेल, तर मी सांगते तसं कापू नका. तिथे रिकामा बोळही मोलाचा असतो, कारण तो चालायला मशालीचं तेल जातं.

उघडताना

उशिरा उघडा. तांडेल किनाऱ्यावरून निघाला, ओहोटीच्या वाळूतून चालत किल्ल्यात आला, पहारेकऱ्याने अडवलं, सदरेची वाट विचारली, यातलं काहीही नको. मी हा सीन असा उघडला:

"तिसरा प्रहर. सदरेवर कारकून एकटाच बसलाय, समोर वही उघडी. तांडेल येऊन त्याच्यापुढे एक दस्तक टाकतो. भिजून शाई पसरलीय, पण अक्षर ओळखू येतंय. तांडेल, काय म्हणतोस?"

यात चार गोष्टी आहेत: कुठे, कोण, काय आधीच सुरू झालंय, आणि शेवटी एका खेळाडूचं नाव घेऊन त्याच्याकडे दिलेला चेंडू. या चौथ्या गोष्टीशिवाय सीन उघडतच नाही. "तुम्ही काय करता?" असं सगळ्या टेबलाला विचारलंत की सगळे एकमेकांकडे बघतात. वर्णनाला एक तपशील पुरतो. पसरलेली शाई दिली, मग खिडकी, समुद्राचा वारा, समईचा वास हे सोडून द्या. खेळाडूच्या पात्राला काय वाटतं हे तर जीएमने कधीच सांगू नये. "तुला घाम फुटतो" हे वाक्य कारकुनाचं आहे, तुमचं नाही. दस्तक टाकण्याची कृती मी तांडेलाच्या वतीने केली, कारण त्याच्या खेळाडूने आदल्या सीनच्या शेवटी तेच करणार म्हणून सांगितलं होतं.

सीनमध्ये नसलेल्या खेळाडूंना रिकामं बसवू नका. चौघांत दोघेच सदरेवर असतील तर मी उरलेल्यांना विचारते, "इथे आणखी कोण असेल?" एकदा वैदू बाईच्या खेळाडूने सदरेवर झाडलोट करणारा पोऱ्या उभा केला. त्याने सगळं ऐकलं आणि पुढचे तीन सीन त्याच्याभोवती फिरले. छोटी पात्रं अशी वाटून दिली की जीएमचा घसाही वाचतो आणि लक्षही कुणाचं सुटत नाही.

सीन मागायचा हक्क फक्त जीएमचा नसावा. मी पाळी लावते. पाळी आली की खेळाडू सांगतो: मला अमक्याबरोबर, तमक्या गोष्टीवरून सीन हवा. फिआस्को या खेळात जीएमच नसतो आणि तिथली युक्ती अतिशय सुंदर आहे. तुमची पाळी आली की दोनातलं एक निवडायचं. सीन तुम्ही मांडला, तर त्याचा शेवट भला की बुरा ते बाकीचे ठरवतात. मांडणी त्यांच्यावर सोडली, तर शेवट तुमच्या हातात. आमच्या गटात एक जण फार कमी बोलतो, मांडणी त्याला जड जाते. शेवट ठरवायची संधी दिल्यापासून तो दर वेळी असा काही निर्णय घेतो की बाकीचे उठून उभे राहतात.

आणि कमी बोलणाऱ्यांसाठी हेही: पात्राच्या तोंडून बोललंच पाहिजे असं नाही. "माझा तांडेल चिडतो आणि दस्तक ओढून घेतो" हा पूर्ण रोलप्ले आहे. बखरीची मराठीही कुणाकडून मागू नका. "राव" आणि "सरखेल" एवढ्यावर अठरावं शतक उभं राहतं.

मधला भाग

सीनमध्ये एकाला काहीतरी हवं असतं आणि ते दुसऱ्याच्या मुठीत असतं. तेवढं असलं की संवाद आपोआप येतो.

"हे तुमच्या हातचं आहे ना, राव?"

"अक्षर माझ्यासारखं आहे. कागद माझ्याकडचा नाही."

"सुरतेचं गलबत होतं. हे दाखवलं म्हणून मी सोडलं. उद्या सरखेल विचारतील, कुणाच्या भरवशावर सोडलंस?"

"दोन दिवस थांब. लिहिणारा मी शोधून देतो."

हे चार उद्गार झाले आणि मी फासे पुढे केले. फासे कधी काढायचे याची माझी खूण हीच: एकाने मागितलं, दुसरा द्यायला तयार नाही, आणि आता पुढे काय होईल हे टेबलावर कुणालाच ठाऊक नाही. त्याआधी काढले तर संवाद मरतो, नंतर काढले तर दोघे तेच तेच बोलायला लागतात. दोन पात्रांच्या खेळाडूंना आपसात बोलूनच निकाल लावायचा असेल तर अर्थातच लावू द्या.

फासे हातातून सुटण्याआधी हरल्यास काय होईल ते मोठ्याने सांगा. इथे मी म्हटलं, "जमलं नाही तर तांडेल आज रात्रीच सरखेलांकडे जातो." कारकुनाचं दान उलटं पडलं. फेटमध्ये अशा वेळी किंमत मोजून यश घेता येतं, म्हणून मी तेही पुढे केलं: तांडेल थांबतो, पण जामीन म्हणून दस्तकांची वही घेऊन जातो. कारकुनाने वही दिली. वहीशिवाय तो उद्या सदरेवर काय लिहिणार, हा पुढचा प्रश्न तिथेच जन्मला.

एकदा पडलेलं दान मग तसंच राहू द्या. बर्निंग व्हील या खेळात हा नियम आहे: परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत त्याच गोष्टीसाठी पुन्हा फासे नाहीत. हे पाळलं नाही तर खेळाडू "अजून एकदा समजावून बघतो" म्हणत राहतात आणि सीनला शेवटच सापडत नाही.

तोडताना

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॉलेजात असताना मी एकांकिकांना लाइट्स करायचे. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींत डिमरवर बसून एक गोष्ट हाडात मुरली: वाक्य संपलं आणि नटाकडे करायला काही उरलं नाही, की ब्लॅकआउट, चेहऱ्यावर अजून काही चाललं असेल, तर सावकाश फेड. जीएमच्या हाताशी नेमक्या याच दोन गोष्टी असतात. ब्लॅकआउट म्हणजे "इथे थांबूया" आणि लगेच दुसरीकडे उघडणं. फेड म्हणजे ज्याला लागलंय त्या खेळाडूला विचारणं, "तो गेल्यावर तू काय करतोस? एकच वाक्य." कारकुनाच्या खेळाडूने सांगितलं, "मी रिकाम्या चौरंगाकडे बघत बसतो आणि मग बोरू पुसतो." त्यावर मी एक अक्षर जोडलं नाही.

कधी तोडायचं याच्या खुणा टेबलावरच दिसतात. प्रश्नाचं उत्तर मिळालं, ही पहिली. एखाद्या वाक्यानंतर सगळे गप्प झाले, ही दुसरी. ती शांतता भरायचा मोह आवरा. सगळे पोट धरून हसले, तर तेही तोडण्याचं ठिकाण आहे, कारण त्या हसण्याच्या वर आता काही चढणार नसतं. आणि खेळाडू "मग उद्या पहाटे आपण..." असं बोलायला लागले की तोडा आणि उद्या पहाटेच उघडा. योजना आखण्यात अर्धा तास जाऊ शकतो, आणि तीच योजना पाण्यात उतरल्यावर बिघडताना बघण्यात जास्त मजा आहे.

एखादा तपशील राहून गेला असेल तर ब्लेड्स इन द डार्क या खेळातला फ्लॅशबॅक वापरा. पात्र ऐन प्रसंगी म्हणतं, "हे मी आधीच करून ठेवलं होतं." मग तो छोटा सीन मागे जाऊन खेळायचा आणि गोष्ट जितकी अवघड तितका ताण पात्राने सोसायचा, साध्या गोष्टीला काहीच लागत नाही. आमच्या वैदू बाईने पहारेकऱ्याला काल रात्री खोकल्याच्या काढ्यात झोपेचं काहीतरी दिलं होतं, हे आम्हाला आज कळलं. हा रस्ता खुला असला की लोक योजनेला चिकटून बसत नाहीत.

उत्तर मिळण्याआधी तोडायचं ते एकाच कारणासाठी: त्याहून मोठा प्रश्न दारात आला तर. गट दोन ठिकाणी विभागला असेल तेव्हा हे फार उपयोगी पडतं. नाईक चोरवाटेत शिरतो, पुढे कंदील दिसतो, कंदील धरणारा त्याच्याच तुकडीतला निघतो. तोडा, सदरेवर जा. नाईकाचा खेळाडू दहा मिनिटं तळमळत राहील आणि बाकीच्यांचा सीन कान देऊन ऐकेल, कारण आपल्याकडे परत कधी येणार याची त्याला घाई असते. दहा मिनिटांच्या पुढे मात्र ताणू नका.

तोडताना माणूस दुखावू शकतो, म्हणून शेवटचा शब्द खेळाडूचा. मी नजरेने विचारते. त्याला बोलायचं असेल तर थांबते.

जे सीन नसतात

दोरखंड विकत घेणं, मचवा भाड्याने ठरवणं, जेवणं, झोपणं यांना एकेक वाक्य. "दोन दिवसांनी, मचवा मिळालाय, तुमच्या कमरेचे पैसे हलके झालेत." प्रवासालाही तेच, फार तर एक प्रश्न: "रेवसपर्यंत जाताना दोघांपैकी आधी कोण बोललं?" उत्तरात दम असेल तर तो सीन होतो, नसेल तर आपण रेवसला पोचलेलो असतो.

लढाई मात्र सीनच आहे, आणि तिलाही प्रश्न लागतो. "कोण जिंकेल" हा सगळ्यात कंटाळवाणा. आमच्या मचव्यावरच्या झटापटीत प्रश्न होता, खोट्या शिक्क्यांची पेटी कुणाच्या हाती लागते. वैदू बाईने ती समुद्रात ढकलली, उत्तर मिळालं, आणि मी तिथेच फेऱ्या थांबवल्या. चार शत्रू अजून उभे होते. प्रत्येक खेळाडूला विचारलं, "उरलेल्यांचं काय?" एकेक वाक्य आलं आणि सीन संपला. शेवटच्या शत्रूचा शेवटचा हिट पॉइंट (जीव मोजायचा आकडा) उतरेपर्यंत चाललेल्या लढायांनीच किती तरी संध्याकाळी खाल्ल्या आहेत.

वेळेचं दडपण हवं असेल तर कागदावर वर्तुळ काढून त्याचे सहा भाग करा. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ असतो, म्हणून कुलाब्याच्या गोष्टीत सहा भाग चपखल बसतात. प्रत्येक सीन संपला की मी एक भाग रंगवते. चौथा रंगला की वाळूतून चालत परत जाण्याची वाट जवळजवळ गेली, हे न सांगता सगळ्यांना कळतं, आणि "मला अजून एक सीन हवा" असं म्हणण्याआधी माणूस विचार करतो.

काही सीन दाखवायचेच नसतात. या काळात गुलामांचा व्यापार होता, कैद्यांचे हाल होते, जातीवरून माणसाला दारात थांबवत होते. पहिल्या दिवशीच आम्ही ठरवलं की कोणत्या गोष्टी खेळात येणारच नाहीत आणि कोणत्या पडद्याआड घडतील. पडद्याआडचं आलं की मी तोडते आणि दुसऱ्या सकाळी उघडते. टेबलाच्या मधोमध एक्स लिहिलेलं कार्ड असतं. कुणीही त्याला हात लावला की तो भाग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. फाशांनी काहीही सांगितलेलं असो, कार्ड त्याच्या वर.

ऑनलाइन खेळताना यातलं थोडं बदलतं. आमच्यातली एक जण न्यू जर्सीहून खेळते, तिची सकाळ आणि आमची संध्याकाळ. आवाज मागे-पुढे होतो, नजरेने विचारता येत नाही, आणि शांतता आली तर ती भारावल्याची आहे की नेट गेल्याची, हे कळत नाही. म्हणून तिथे मी "थांबूया?" असं तोंडाने विचारते, तीन आकडे थांबते आणि मगच तोडते. सीनचा प्रश्न चॅटमध्ये सगळ्यात वर पिन केलेला असतो. सीनमध्ये नसलेल्यांनी माइक बंद ठेवायचा, पण त्यांची छोटी पात्रं चॅटमध्ये लिहून बोलू शकतात. सदरेवरचा तो पोऱ्या आता बहुतेक वेळा तिथूनच बोलतो. आणि संध्याकाळ संपताना मी उघडे राहिलेले प्रश्न त्याच चॅटमध्ये टाकते, प्रत्येकापुढे कुणाच्या पाळीला ते लिहून. गेल्या वेळी तीन राहिले होते. पहिला कारकुनाचा आहे: वही परत आली, पण तिच्यातली दोन पानं कुणी फाडली?